न मुरलेला चुना

टेकडीवरच्या त्या किल्ल्याने जन्मात एक लढाई पाहिली नव्हती. लढाई सोडाच, त्यात कधी कोणी झोपलंसुद्धा नव्हतं, कारण झोपायला आत जागाच नव्हती. समोरून बघावं तर काय थाट! दोन बुरूज, मधे लांबलचक भिंत, हत्ती जाईल एवढा दरवाजा, दरवाजाच्या दोन्ही बाजूंना गिलाव्यात घडवलेले दोन सिंह आणि वर सहा तोफा. मागून बघावं तर काही नाही. म्हणजे अक्षरशः काही नाही. भिंतीची उघडी पाठ, चार टेकू आणि गवत. खिडक्यांमागे खोल्या नव्हत्या, जिना चढून गेलं की थेट हवेत पाय, आणि तोफा लाकडाच्या. काचेच्या कारखान्याच्या मालकाने हा सगळा खटाटोप एकाच कारणासाठी केला होता: त्याच्या जेवणघराच्या खिडकीतून समोरची टेकडी बोडकी दिसायची आणि जेवताना त्याचं मन रमायचं नाही. लोकांना घास मिळवताना नाकीनऊ येतात, आणि ह्या गृहस्थाला घास गिळायला देखावा लागत होता!

आता त्यातला डावा बुरूज उभा आहे, डावीकडची भिंत उभी आहे आणि एक सिंह शिल्लक आहे. उजवा बुरूज, उजवीकडची भिंत, दरवाजा आणि दुसरा सिंह बांधल्यावर दुसऱ्याच वर्षी गडगडत खाली आले. माणूस कोणी मेलं नाही. पण एका माणसाचं नाव मात्र त्या ढिगाऱ्याखाली कायमचं गाडलं गेलं. तो म्हणजे दगड सांधायचा चुना आणि वरचा गिलावा, दोन्ही करणारा मिस्त्री, तोफेचे पणजोबा.

तोफ म्हणजे नववीतली मुलगी. हे नाव तिला तिच्या आईने ठेवलं होतं, कारण बत्ती कोणी दिली नाही तरी ती उडायची. बाहेर मात्र ह्या घराण्याचं नाव एकच होतं: भुगा. पणजोबांचा गिलावा भुगा होऊन पडला म्हणून पणजोबा भुगा, मग आजोबा भुगा, मग बाबा भुगा. "भिंत करायची आहे, भुग्याला बोलवा. पण जरा लक्ष ठेवा हं, हॅ हॅ हॅ." बाबा शहरातले सगळ्यात चांगले गिलावेवाले होते आणि तरी प्रत्येक घरात त्यांच्या डोक्यावर कोणीतरी कमरेवर हात ठेवून उभं असायचं. आई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणायची, "लोकांना लग्नात सोनं मिळतं, मला भुगा मिळाला." बाबा हसायचे. तोफेला त्यांचं ते हसू बघवायचं नाही. चार पिढ्या एखाद्याच्या तोंडावर भुगा उडवतात आणि हा माणूस तोंड पुसून हसतो!

एका सोमवारी वारसा कार्यालयातले साहेब दारात आले. जुन्या इमारती सांभाळणं हे त्यांचं काम, म्हणून तोफेने मनातल्या मनात त्यांना वारसासाहेब करून टाकलं. काखेत फाईल, चेहऱ्यावर घाई.

"मिस्त्री, किल्ल्यावर इतिहासाची पाटी बसवायची आहे. काळ्या दगडाची, कोरीव. शनिवारी उद्घाटन. जुन्या भिंतीला सिमेंट लावायचं नाही, असा आमच्या खात्याचा नियम आहे. चुन्याचं काम येणारे तुम्ही एकटेच उरलात म्हणे."

"येतं," बाबा म्हणाले. "पण साहेब, चुना तयार नाही. आजकाल मागतं कोण? कळीचा चुना आणून, पाण्यात विरवून, खड्ड्यात मुरवावा लागतो. तीन महिने तरी. नाहीतर आत कच्चे खडे राहतात. ते नंतर भिंतीच्या पोटात फुगतात आणि फुटतात."

"तीन महिने?" साहेब असे दचकले, जणू कोणी त्यांच्या बदलीची ऑर्डर वाचून दाखवली. "अहो, तारीख वरून आली आहे. पाहुणे येणार आहेत. चार दिवसांत काय होईल ते करा."

"चार दिवसांत चिखल होईल साहेब, चुना नाही होणार."

"तुम्ही मुळात कामाला नाही म्हणताय का?"

बाबा गप्प बसले. हेच, हेच गप्प बसणं तोफेच्या डोक्यात जायचं! तेवढ्यात तिची नजर फाईलमधून डोकावणाऱ्या कागदावर पडली. पाटीचा मजकूर होता. तिने तो सरळ ओढून घेतला आणि मोठ्याने वाचला:

"'हा शोभेचा किल्ला कलाप्रेमी कारखानदाराने मोठ्या हौसेने उभारला. परंतु स्थानिक कारागिरांच्या निकृष्ट गिलाव्यामुळे अल्पावधीतच त्याची पडझड झाली.' हे कोणी लिहिलं?"

"आमच्या खात्याने. बाळ, कागद दे इकडे."

"बाळ घरी गेलं, मी नववीत आहे. निकृष्ट कशावरून? तुम्ही तपासलंत?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत असतं ते ऐकीव असतं!"

"तोफे," बाबा म्हणाले. एवढंच. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "शनिवारपर्यंत बसवतो."

साहेब गेल्यावर घरात जे काही झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडायला दोघं लागतात. तोफ एकटीच बोलत होती. आपल्याच पणजोबांना दगडावर कोरून शिव्या दिल्या आहेत, आणि तो दगड आपणच आपल्या हाताने भिंतीत बसवायचा? पुढे जन्मभर शाळांच्या सहली येऊन तो वाचणार? मी वर्गात कुठे तोंड दाखवू? "बाबा, तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

बाबा थापी धूत होते. आधीच स्वच्छ असलेली थापी. "वाटून काय करू? पडला ना बुरूज? माझे वडील सांगायचे, मालकाने घाई केली, मोठा पाहुणा यायचा होता, चाळीस दिवसांत पुरं करा म्हणाला. पण प्रत्येक गवंडी हेच सांगतो बघ. भिंत पडली की घाई मालकाची. मी पण लहानपणी खरं मानायचो. मग सोडून दिलं."

म्हणजे त्यांचाही विश्वास नव्हता! तोफ एक क्षण बिनआवाजाची झाली, आणि आईने शिवणयंत्र थांबवलं. ह्या घरात दोन्ही गोष्टी एकदम होणं म्हणजे ग्रहणच.

मंगळवारी बाबांना भिंतीचं माप घ्यायला वर जायचं होतं. शाळा सुटल्यावर तोफ त्यांच्याबरोबर निघाली. ह्या घराण्याचं कोणी त्या टेकडीवर पाऊल ठेवत नसे. पडझडीनंतर पणजोबांनी ठेवलं नाही, आजोबांनी ठेवलं नाही, बाबांनी चाळीस वर्षं तो किल्ला खालूनच पाहिला, तोही मान वळवून. वर पोचल्यावर बाबा टोपी काढून उभे राहिले, जणू कोणाच्या मयताला आले आहेत.

आणि मग त्यांनी भिंतीला हात लावला.

गिलावेवाला डोळ्यांनी भिंत बघत नाही, तळव्याने बघतो. बाबांचा तळवा डाव्या बुरुजावरून खाली आला, भिंतीवर सरकला, थांबला, पुन्हा सरकला. गिलावा काचेसारखा गुळगुळीत होता. इतकी वर्षं ऊन खाल्लं, वारा खाल्ला, पोरांनी नावं खरवडायचा प्रयत्न केला, पण ओरखड्यापलीकडे काही नाही.

"हे निकृष्ट?" तोफ म्हणाली. "आमच्या शाळेची भिंत नखाने उकरते."

बाबा गुडघ्यावर बसले आणि भिंतीच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, गवत बाजूला करून बघू लागले. तोफेला लगेच कळलं ते काय शोधताहेत. त्यांच्या घराण्यातली एक रीत होती. दिवसाचं काम संपलं की मिस्त्री मागे सरून बघणार, हात फिरवणार, आणि काम मनासारखं उतरलं असेल तरच ओल्या गिलाव्यात खाली उजव्या कोपऱ्यात आपला अंगठा दाबणार. मनासारखं नसेल तर नाही. बाबा आजही करायचे. शहरात किती स्वयंपाकघरांत, किती जिन्यांखाली त्यांचे अंगठे होते, आणि घरमालकांना त्याचा पत्ता नव्हता.

"आहे," बाबा म्हणाले.

तिथे होता. एक खोलगट, लांबट ठसा, रेषासुद्धा स्पष्ट. तोफेने त्यात आपला अंगठा ठेवला. तिचा अंगठा आत हरवला. चार हातांवर दुसरा. मग तिसरा. रोजच्या कामाचा एकेक. ती गवत उपटत पुढे पळत सुटली, "हा बघा! हा पण! बाबा, इथे पण!" एकतीस अंगठे झाले. एकतिसावा पडलेल्या दरवाजाच्या अलीकडे होता.

बत्तिसावा नव्हता.

दरवाजापलीकडे उजवी भिंत पडली होती, पण तिचं पुरुषभर उंचीचं थोटूक अजून उभं होतं. तोफेने ते कोपरान् कोपरा शोधलं. अंगठा नाही. कुठेच नाही. आणि गिलाव्याला देवी आल्यासारखे खड्डे. बाबांनी एका खड्ड्यात नख घातलं. मधोमध पांढरा दाणा होता. त्यांनी तो बोटावर चुरडला.

"कच्चा खडा," ते म्हणाले. "मुरलेला चुना संपला. हा ताजा. आठवड्याचापण नाही. आतल्या सांध्यांतही हाच." मग त्यांनी एकतिसाव्या अंगठ्याकडे आणि पुढच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाले, "इथे हुकूम आला."

तोफेला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप, आणि तोही सगळ्यांत आधी पणजोबांवरच! "अहो पणजोबा!" ती भिंतीकडे बघून ओरडली. "न लावलेला अंगठा कोणाला दिसतो? हात झटकून चालते झाला असतात! चौकात उभं राहून सांगितलं असतंत! तुम्ही काय केलंत, तर अंगठा दिला नाहीत, आणि वाटलं की लोक आपोआप समजतील? लोकांना लावलेला अंगठा दिसत नाही हो!"

"त्यांना लिहिता येत नव्हतं," बाबा म्हणाले.

"बोलता येत होतं ना?"

बाबांनी थापी उचलली आणि सगळा जीव एकवटून त्या थोटकावर फेकून मारली. एवढा मोठा आवाज झाला की बुरुजावरची कबुतरं उडाली. "मी त्यांना खोटं समजलो!" बाबा ओरडले. तोफेने बाबांना ओरडताना जन्मात पहिल्यांदा पाहिलं. "माझ्या बापाला खोटं समजलो! ते मरेपर्यंत सांगत होते आणि मी मान डोलवत होतो, म्हाताऱ्याचं मन राखायला! त्या मालकाने काय केलं, माहीत आहे? पाहुणा आला, जेवायला बसला, आणि खिडकीकडे पाठ करून बसला. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून! किल्ला त्याने पाहिलाच नाही. हेही वडील सांगायचे. मी हसायचो."

ते धापा टाकत दगडावर बसले. तोफ थापी आणायला गेली. मूठ तुटली होती.

"मी पाटी बसवणार नाही," बाबा म्हणाले. "त्यांना सांगतो, दुसरा बघा."

"नाही बाबा," तोफ म्हणाली. तिच्या डोक्यात काहीतरी विरघळायला आणि उकळायला लागलं होतं. "नाही म्हणालात तर ते कोणाकडून तरी डिंकाने चिकटवून घेतील, आणि वर म्हणतील भुगा काम टाकून पळाला. बसवा. त्यांना हवी तशी, हवी तेव्हा. फक्त पणजोबांची चूक करायची नाही."

बुधवारी सकाळी, शाळेत जायच्या आधी, ती बाबांना घेऊन वारसा कार्यालयात गेली. जाताना वाटेत तिने त्यांच्याकडून पाठच करून घेतलं. बाबा टेबलापुढे उभे राहिले आणि चार कारकुनांच्या देखत दुसऱ्यांदा म्हणाले, "साहेब, चुना मुरलेला नाही. पाटी टिकणार नाही. तीन महिने द्या." शिवाय किल्ल्याच्या भिंतीवरचे अंगठे, खड्डे, पांढरे दाणे, सगळं सांगितलं. येऊन बघा म्हणाले.

"मिस्त्री, अंगठ्याचा काय पुरावा असतो? आणि दगडावर अक्षरं कोरून झाली आहेत. शुक्रवारी बसवा, विषय संपला."

शुक्रवारी दुपारी बाबांनी भिंतीत खाच पाडायला घेतली. छिन्नी टणाटण उडत होती. "बघ, दाद देत नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतका अभिमान होता की तोफेला छिन्नीचाही राग येईना. साहेबांना पाटी डोक्याच्या उंचीवर हवी होती. बाबांनी ठाम नकार दिला. त्यांनी ती गुडघ्याएवढ्या उंचीवर, फुलांच्या वाफ्यामागे बसवली. "पडली तर मातीत पडू दे. कोणाच्या पायावर नको." सोमवारी रात्री पिंपात विरवलेला चार दिवसांचा चुना भरला, पाचरी मारल्या, ओळंबा लावला. काम त्यांनी जीव ओतूनच केलं. वाईट करणं त्यांच्या हाताला येतच नव्हतं. मग ते मागे सरले, हात फिरवला, आणि अंगठा न लावता थापी पिशवीत टाकली.

पण ह्या वेळी तिथे तोफ होती, आणि तोफेच्या हातात कागद होता.

"साहेब, ह्यावर सही करा."

"काय आहे?"

"काम कसं झालं ते लिहिलं आहे. वाचून घ्या."

"वाचायला वेळ कोणाला आहे? फुलांचे हार अजून आले नाहीत!" साहेबांनी फोन खांद्याने कानाशी धरला आणि सही ठोकली. तारीख पण घातली, सवयीने. तोफेने कार्यालयाचा शिक्कासुद्धा मागितला, आणि तो त्यांच्या खिशातच होता.

शनिवारी पाहुणे आले. पडदा ओढला, टाळ्या झाल्या, एका बाईंनी मजकूर माईकवर वाचला. 'निकृष्ट गिलाव्यामुळे' म्हणताना त्यांचा आवाज छान कारुण्याने भरून आला. तोफेने दात इतके आवळले की कानात कळ आली. पाहुण्यांनी फोटो काढून घेतला, कॅमेऱ्याकडे तोंड, किल्ल्याकडे पाठ. बाबांनी तोफेच्या कोपराला धक्का दिला. "बघ. पाठ." आणि दोघंही त्या गर्दीत फिदीफिदी हसले. तोफेच्या वर्गशिक्षिकेने डोळे वटारले.

पाटी नवव्या दिवशी सकाळी पडली. कच्चे खडे फुगले, पाचरी सरकल्या आणि ती वाफ्यात तोंडावर आपटून तीन तुकडे झाली.

तासाभरात वारसासाहेब दारात. ह्या वेळी फाईल नव्हती, नुसतीच घाई. "मिस्त्री! शेवटी रक्तातच आहे म्हणायचं! भुगा तो भुगाच! वर कळवणार आहे मी, निकृष्ट कामाबद्दल—"

"थांबा," तोफ म्हणाली. "ह्या शब्दाचाच कागद आहे आमच्याकडे."

आईने तो शिवणयंत्राच्या खणातून काढून दिला. तिने त्याच्या सहा प्रती आधीच करून ठेवल्या होत्या. घरातली दुसरी तोफ, फक्त ही आवाज करत नसे. तोफेने वाचायला सुरुवात केली, आणि शेजारचे दोघं-तिघं कुंपणाशी आले.

"'चुना चार दिवसांचा आहे. तो तीन महिने मुरायला हवा, असं मिस्त्रींनी सोमवारी घरी आणि बुधवारी कार्यालयात सांगितलं. तरी शुक्रवारीच बसवा, असा हुकूम आहे. पाटी पडल्यास जबाबदारी हुकमाची. मिस्त्रींनी ह्या कामाला अंगठा दिलेला नाही.' खाली तुमची सही. हा शिक्का. वाचून घ्या म्हणाले होते मी."

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग चुन्यासारखा. कागद त्यांनी तीनदा वाचला. तिन्ही वेळा त्यात तेच लिहिलेलं होतं.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "चिडू नका. पाटी नवीन करू. ते 'निकृष्ट' काढून टाकू. 'काळाच्या ओघात पडझड झाली' असं लिहू. कोणालाच दोष नको."

इथे खरं तर सगळे खूश व्हायला हवे होते. शेजारी झालेसुद्धा. पण तोफेच्या पोटात अजून एक खडा कच्चा होता आणि तो आत्ता फुटला.

"काळाने काय घोडं मारलं हो? डावा बुरूज त्याच काळात उभा आहे ना? त्याच माणसाने बांधलेला, त्याच टेकडीवर! मधे एक हुकूम आला, तो लिहा. मालकाने चाळीस दिवस दिले, ते लिहा. एकतीस अंगठे आहेत, ते लिहा."

"असं कसं लिहिता येईल? मालकाच्या घराण्यातली माणसं अजून आहेत. त्यांना वाईट वाटेल."

"आमच्या घराण्यातली पण आहेत," तोफ म्हणाली. "ही बघा. तुमच्यासमोरच उभी आहेत. ह्यांना चार पिढ्या काय वाटलं, ते तुमच्या खात्याने कधी विचारलं?"

साहेबांनी बाबांकडे बघितलं. सगळेच मोठे लोक शेवटी बाबांकडे बघायचे, कारण बाबा हसून विषय मिटवायचे. बाबा हसले नाहीत.

"नवीन पाटी मी बसवीन," बाबा म्हणाले. सावकाश, कुंपणापर्यंत ऐकू जाईल असं. "पण चुना माझ्या खड्ड्यात तीन महिने मुरेल. तोवर तुम्ही मजकूर ठरवा. मजकूर बरोबर नसेल तर माझा अंगठा मिळणार नाही. आणि नाही मिळाला, की ते मी ह्या वेळी चौकात उभं राहून सांगेन."

त्या दुपारी मागच्या खड्ड्यातली मोडकी घमेली, फुटक्या बादल्या सगळं बाहेर निघालं. बाबांनी कळीचा चुना आत टाकला, वर पाणी सोडलं, आणि खड्डा चवताळल्यासारखा फसफसून उकळायला लागला. वाफ, चटके, आवाज.

"लांब राहा," बाबा म्हणाले. "डोळ्यांत उडेल."

तोफ दोन पावलं मागे सरली, भिंतीला टेकली, वही गुडघ्यावर उघडली आणि पाटीचा पहिला मसुदा लिहायला बसली. पहिल्या ओळीतच तिने मालकाला असं काही झोडपलं की तिला स्वतःलाच हसू आलं. ती ओळ तिने खोडली नाही. गुरुवारी ती मसुदा घेऊन कार्यालयात जाणार होती, आणि साहेबांनी त्यात 'काळाच्या ओघात' घुसवलं, तर पुढच्या गुरुवारीही, आणि त्याच्या पुढच्याही. तीन महिन्यांत तेरा गुरुवार असतात. तिने मोजले होते.